साइकालला सांगू नका

माझ्या पोटात काही राहत नाही. हे आमच्या अख्ख्या गोतावळ्याला ठाऊक आहे आणि म्हणूनच घरातल्या मोठ्या बातम्या मला सगळ्यांच्या शेवटी कळतात. मी तुर्सुनाय. बिश्केकच्या ओश बाजारात माझा तंदूर आहे, मटणाचे सामसे भाजते आणि तोंड चालवते. दोन्ही गरमच लागतं असं गिऱ्हाईकं म्हणतात. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीची आहे. साइकालची.

साइकालनं शाळा संपवली आणि मानसशास्त्राची पदवी घेणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा मी नेमकी गावी गेलेले होते. डोलोन खिंडीच्या पलीकडचं आमचं गाव. चहा चालला होता. तिचा मोठा काका शार्शेनबेक म्हणजे घरचा कर्ता. जन्मभर ढोरांचा डॉक्टर होता. पेन्शनीत निघाला, पण दिसेल त्याला टोचायची सवय काही गेली नाही.

"मानसशास्त्र? म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार तू?"

"डॉक्टर नाही, काका. माणूस असा का वागतो ते शिकायचं."

"माणूस असा वागतो कारण त्याला वळण नसतं. झालं तुझं शास्त्र! त्याला चार वर्षं कशाला पाहिजेत? नर्सिंगला जा, निदान सुया टोचशील."

"मग दादा, तिला घरीच राहू द्या की," मी म्हटलं. "पेशंट इथंच ढिगानं आहेत." म्हातारी अनीपा, म्हणजे शार्शेनबेकची आई, साइकालची आजी, रुमालाआड हसली आणि शार्शेनबेकनं पेला आपटला.

साइकालचा बाप जूमाकादीर मेंढपाळ होता. दिवसाकाठी त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर मेंढरंसुद्धा माना वर करायची. त्यानं पोरीला एवढंच विचारलं, "अवघड असतं का गं ते?"

"हो, अता." आमच्यात बापाला अता म्हणतात.

"मग जा. सोपं असतं तर तुझ्या काकानं कधीच उरकलं असतं."

तर अशी ती माझ्याकडं शहरात आली. वर्गात सगळ्या पोरीच. अर्ध्याजणींना वकील व्हायचं होतं, गुण कमी पडले म्हणून इकडं आलेल्या. साइकाल मात्र ठरवून आलेली. लहान होती तेव्हा ती मला विचारायची, "मावशी, पाहुणे असतात तोवर आई हसते आणि ते गेले की भांडी का आपटते?" मी म्हणायचे, "तुझ्या आईला विचार." ती म्हणायची, "आईला विचारलं की ती पण हसतेच."

पहिल्याच महिन्यात तिनं माझ्यावर प्रयोग सुरू केले. कागद पुढं केला आणि म्हणाली, जगात नसलेला एखादा प्राणी काढ. मी एक मेंढी काढली, तिला लांडग्याचे दात लावले आणि डोक्यावर किटली ठेवली. तिनं वहीत बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"दात म्हणजे भांडखोरपणा, मावशी."

"ते कळायला कागद कशाला नासलास? बाजारात कुणालाही विचारायचं."

शेजारणींना वाटायचं, पोरगी भविष्य सांगायला शिकतेय. एक जण नवऱ्याचा फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "हा दुसरीकडं जातो का एवढं बघ." साइकाल म्हणाली, "काकू, मी पहिल्या वर्षाला आहे. मेंदू कुठं असतो एवढंच मला माहितीये." बाई फणकाऱ्यानं म्हणाली, "तेवढं कळतंय तर नवऱ्याच्या डोक्यात आहे का ते बघ!"

आणि मेंदूचीच परीक्षा पहिली आली. पुस्तकं रशियन भाषेत, नावं लॅटिनमधली, पोरीला झोप नाही. शेवटी मी खाटकाकडून बोकडाचं मुंडकं आणलं. तिनं माझ्या स्वयंपाकाच्या फळीवर ते उघडलं आणि सुरीच्या टोकानं एकेक भाग दाखवत पाठ करत बसली. मी तळायला कढई तापवून उभी. "अगं, झालं का? तेल जळतंय."

"थांब मावशी, भीती कुठून निघते ते सापडत नाहीये."

त्याच आठवड्यात, भर जानेवारीत, जूमाकादीर हिवाळी गोठ्यावर छातीत कळ येऊन गेला.

आम्हाला कळलं नाही. शार्शेनबेकनं सगळ्या नातलगांना फोन केले: साइकालला सांगू नका, तिची परीक्षा आहे. आणि तुर्सुनायला तर मुळीच सांगू नका. गावाच्या फोनमधल्या ग्रुपवर सगळं गाव ढसाढसा रडत होतं म्हणे. त्याआधी आम्हा दोघींना तेवढं त्यातून काढून टाकलं होतं. साइकाल रोज घरी फोन करायची. काका सांगायचा, अताचा घसा बसलाय, बोलता येत नाही. मग ती म्हणायची, "बोलू देऊ नका त्यांना. नुसता फोन कानाला लावा, मी बोलते." आणि ती बोलायची. आज काय वाचलं, मावशीनं बोकडाचा मेंदू कसा तळला, सगळं. पलीकडून शार्शेनबेक फोन धरून गप्प बसायचा.

तिला पैकीच्या पैकी मिळाले. मग निरोप आला, अता जरा आजारी आहे, येऊन जा.

आम्ही गेलो. अंगणात सगळीकडं बर्फ, आणि मधोमध काळ्या मातीचा एक मोठा गोल. आमच्यात माणूस गेलं की त्याच्यासाठी अंगणात युर्ट, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, उभारतात. त्याला आत ठेवतात, बायका आत बसून रडतात, पुरुष बाहेर काठीवर वाकून हंबरडा फोडतात. माती झाली की काही दिवसांनी युर्ट उतरवतात. उतरवलेल्या युर्टीखाली बर्फ नसतो. साइकालला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. ती त्या गोलात जाऊन उभी राहिली आणि हललीच नाही.

"तुझ्या भल्यासाठीच, पोरी," शार्शेनबेक म्हणाला. "तुझा बाप असता तरी हेच म्हणाला असता. किती गुण पडले?"

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझी बहीण कालबूबू दारात उभी होती, डोळे वर करायला तयार नव्हती. सुनेनं मोठ्यांपुढं बोलायचं नसतं, आणि ती तर सुनांतली सून.

सगळ्यांना वाटलं, आता पोरगी परत जाणार नाही. काका म्हणालाच, "बास झालं शहर. बाप नाही, आता घरात राहा, चांगलं स्थळ बघू." साइकाल तोवर एक शब्द बोलली नव्हती. तेव्हा बोलली.

"ज्या परीक्षेपायी माझ्या बापाची माती चुकवलीत, ती परीक्षा आता मी शेवटपर्यंत देणार. काय करायचं ते करा."

आणि तिनं दिली. एकेक वर्ष रेटलं. मानसशास्त्रात गणित असतं हे मला तेव्हा कळलं. आकडेमोड करताना ती जेवढं रडली तेवढी बापासाठी माझ्यासमोर कधी रडली नाही. तिचं रडणं कुठंतरी अडकून बसलं होतं. मी नवसाचे बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळले, मुल्लाकडून फुंकर घालून पाणी आणलं. ते ती मुकाट प्यायली आणि म्हणाली, "मावशी, याला औषध नाही. याला वेळेवर रडावं लागतं."

चौथ्या वर्षी प्रबंधाची वेळ आली. विभागप्रमुख दामिरा ओमुरोव्ना सगळ्यांना ठरलेले विषय वाटायच्या. पहिलीतल्या मुलांची शाळेची तयारी, नाहीतर किशोरवयीन मुलांचा राग. आधीच्या पोरींचं बघून लिहायचं, मोकळं व्हायचं. साइकालनं आपला विषय लिहून दिला: ज्यांच्यापासून मृत्यूची बातमी लपवली, त्या माणसांचं काय होतं. बाईंनी तिला बोलावून घेतलं. मी सामसे पोचवायला गेले होते, दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकलं.

"आपल्याच लोकांची अब्रू वेशीवर टांगायची आहे का तुला? उयात! लाज वाटत नाही?"

"लाज वाटते म्हणूनच लिहितेय."

"ही आपली माया आहे, साइकाल. माणसाला धक्का बसू नये म्हणून आपण जपतो. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? ज्याच्यापासून झाकतो त्याला कधीतरी उजाडतंच ना, बाई? तेव्हा तो एकटाच असतो. बाकी सगळ्यांचं रडून झालेलं असतं."

बाईंनी कागद खर्रकन पुढं ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "कर. पण समिती तुला कच्चं खाईल, आणि मी मधे पडणार नाही."

"खाऊ दे. माझ्या अंगावर फार मांस नाही."

वर्षभर ती बायकांना भेटत फिरली. निम्म्या तर माझ्या तंदूरापाशीच भेटल्या. लोकरीचे मोजे विकणारी एक होती. तिचा मुलगा मॉस्कोत बांधकामावरून पडला. वसंतात गेला, तिला पानगळीत सांगितलं. तोवर ती त्याच्या मापाचे मोजे विणून पाठवत होती आणि नातलग ते घेऊनही जात होते. साइकाल तिच्याशेजारी नुसती बसून राहिली. कागद काढला नाही, प्रश्न विचारला नाही. बाई दुसऱ्या दिवशी आपणहून आली आणि दुपारभर बोलली.

मग तिला एका म्हाताऱ्यानं सांगितलं की पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बातमी लपवायचे नाहीत, ऐकवायचे. वडीलधारी माणसं जमून जायची, आईला मधे बसवायची, दोन्ही हात धरायची आणि आडवळणानं, पण त्याच बैठकीत सांगून टाकायची. मग कुणी उठून जायचं नाही. साइकाल घरी आली ती नाचतच. "मावशी, आडवळण तेवढं आपण ठेवलं आणि सांगणं टाकून दिलं! आपलीच रीत आपण अर्धी विसरलो आणि वर तिलाच परंपरा म्हणतोय!" चौथ्या वर्षात मी तिला पहिल्यांदा खूश बघितलं.

समितीपुढं उभं राहायचा दिवस जूनमधला. मी पहाटे उठून बोरसोक तळले, कारण समितीच्या चहापाण्याचं टेबल विद्यार्थ्यांनीच मांडायचं असतं. साइकाल पांढऱ्या ब्लाउजला इस्त्री करत होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. कालबूबू. आवाज इतका बारीक, जणू माळ्यावर बसून बोलतेय.

"ताई, म्हातारी गेली. काल संध्याकाळी."

"अनीपा?"

"हं. ऊन फार आहे म्हणून आज दुपारच्या नमाजानंतर लगेच माती आहे. वरच्या घरच्यांनी सगळ्यांना फोन केलेत," म्हणजे शार्शेनबेकनं, "की साइकालला सांगू नका, आज तिची शेवटची परीक्षा आहे. तुला तर नकोच नको म्हणालेत. माझा फोन काढून घेतला होता, हा शेजारणीचा आहे." मग ती थांबली. "ताई, मी तुला काही सांगितलं नाही हं."

फोन बंद झाला. आता बघा, माझी बहीण भोळी आहे, मूर्ख नाही. माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला जन्मापासून माहीत. म्हणूनच तिनं मला सांगितलं.

पण खरं सांगते, त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की गिळून टाकावं. चार वर्षं त्या पोरीनं हाडाची काडं केली होती. एक सकाळ गप्प बसले तर काय आकाश कोसळणार होतं? दुपारपर्यंत पदवी हातात. म्हातारी काही उठून यायची नव्हती. शार्शेनबेकलाही त्या जानेवारीत असंच वाटलं असणार, हे ध्यानात आलं आणि मला माझीच शिसारी आली.

मी इस्त्रीची वायर काढली, तिला खुर्चीत बसवलं, तिचे दोन्ही हात धरले. मला आडवळण येत नाही.

"साइकाल, आजी गेली. काल संध्याकाळी. आज दुपारी माती आहे. काकानं सांगू नका म्हटलंय, तुझ्या आईनं कळवलं."

तिनं हात सोडवायला बघितलं. मी सोडले नाहीत. तिनं एकच विचारलं, "युर्ट अजून उभी आहे?"

"उभी आहे."

"मग आजी अजून तिथंच आहे," ती म्हणाली आणि उठली.

विद्यापीठ रस्त्यातच होतं. पहिला नंबर दिला तर दहा मिनिटांत बोलून निघता येईल, असा तिचा हिशोब. दामिरा ओमुरोव्ना व्हरांड्यात टेबलक्लॉथ झटकत होत्या. साइकालला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, माझी आजी वारली. मला पहिलं घ्या, नाहीतर मी निघते."

"अध्यक्ष अजून आलेच नाहीत, दुपार होईल त्यांना." बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चोरी केलीय. "तुला कुणी सांगितलं? तुझ्या काकांनी काल रात्रीच मला फोन केला होता. आमचं ठरलं होतं की तुझं झाल्यावर..."

पुढचं त्यांनाच बोलवेना.  साइकाल बाईंकडं बघतच राहिली.

"तुम्हाला कालपासून माहीत होतं."

"तुझ्या भल्यासाठी गं! आज गेलीस तर वर्ष जाईल."

"तुम्ही माझा प्रबंध वाचलाय. शेवटच्या पानावर सही आहे तुमची."

 साइकालनं आपला बांधलेला प्रबंध पिशवीतून काढला आणि त्यांच्या हातातल्या टेबलक्लॉथवर ठेवला. "परत वाचा," ती म्हणाली. "मी पुढच्या वर्षी येते."

समितीसाठी तळलेले बोरसोक घेऊन आम्ही मातीला निघालो. टॅक्सीवाला पोरगा आमचं तोंड बघून काय समजायचं ते समजला आणि खिंडीतही त्यानं वेग कमी केला नाही.

पदवीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला लावणं मला जमत नाही. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा उभी राहिली. समितीत एक म्हातारे गृहस्थ होते. परंपरेचा अपमान, म्हणून फार ओरडले. साइकालही ओरडली. एक गुण कापून पदवी दिली. तो एक गुण माझ्या अजून डोक्यात आहे, तिच्या नाही. आता नारीन शहरातल्या इस्पितळात नोकरी करते. वाईट बातमी सांगायची वेळ आली की डॉक्टर तिला बोलावतात.

तर त्या दिवशी. आम्ही पोचलो तेव्हा युर्ट उभी होती. पुरुष बाहेर ओळीनं काठ्यांवर वाकलेले, सगळ्यात पुढं शार्शेनबेक. पोरीला गाडीतून उतरताना बघून तो ताठ झाला.

"परीक्षा?"

"दिली नाही."

"कुणी सांगितलं तुला? या तुर्सुनायनं ना? चार वर्षं मातीत घातलीस! तुला कळतं का..."

साइकाल त्याच्या बाजूनं गेली आणि युर्टीच्या दाराशीच तिनं टाहो फोडला. आमच्यात दुखवट्याला आलेली बाई आत शिरते ती गात, रडत. शब्द तिचे स्वतःचे. साइकालला कुणी शिकवलं नव्हतं. इतक्या वर्षांचं अडकलेलं सगळं एकदम सुटलं.

"आजी गं, तुझी नात आली,
तुझा चेहरा झाकायच्या आत आली.
माझ्या अताचा चेहरा कुणी दाखवला नाही,
मला म्हणाले, त्याचा घसा बसलाय.
अताशी बोलले, आजी, दिवस दिवस बोलले,
काकाच्या कानात बोलत होते..."

बाहेरचा हंबरडा मंद झाला. नमद्याच्या भिंतीला कान असतात, आतला शब्द न् शब्द अंगणात ऐकू जात होता. शार्शेनबेकनं काठी घट्ट धरली होती. मी दारात होते, त्याचा चेहरा मला दिसत होता.

आत कालबूबू भिंतीकडं तोंड करून बसली होती. माझी बहीण, लग्न होऊन आली तेव्हापासून जिनं त्या घरात आवाज चढवला नाही. आमच्यात सून थोरल्या दिराचं नाव तोंडानं घेत नाही. मेली तरी घेत नाही. साइकाल तिच्या गळ्यात पडली तशी कालबूबूनं मान मागं टाकली आणि तिचा आवाज लेकीच्या आवाजावर चढला.

"पहिल्यांदा गप्प बसले, पोरी, मी गप्प बसले,
तुझ्या बापाच्या मातीला तुला मुकवलं.
आता फोन मी केला! दुसऱ्या कुणी नाही!
ऐकतोस का, शार्शेनबेक? शार्शेनबेक!
सांगू नका म्हणालास, मी सांगितलं!"

 एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. बाहेर शार्शेनबेकनं एकदा दाराकडं पाऊल टाकलं, मग काठीवर होता तसाच पुन्हा वाकला. युर्टीत गाऊन रडणाऱ्या बाईला मधेच थांबवायची आमच्यात कुणाची टाप नाही, आणि कालबूबूचं अजून पुष्कळ सांगायचं बाकी होतं.